मेंदू आणि मणक्यासाठी सीटी स्कॅन की एमआरआय?

एखाद्याचे तोंड अचानक वाकडे होऊन एक हात लुळा पडला, तर बहुतेक रुग्णालयांत आधी सीटी स्कॅन करतात. नातेवाइकांना हे अनेकदा खटकते, कारण एमआरआय ही 'मोठी' तपासणी असल्याचे त्यांनी ऐकलेले असते. पण त्या क्षणी डॉक्टरांपुढे एकच तातडीचा प्रश्न असतो: मेंदूत रक्तस्राव झाला आहे की रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे? ताजे रक्त सीटीत पांढरेशुभ्र दिसते आणि ही तपासणी काही मिनिटांत उरकते. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्राव असताना तेच औषध जिवावर बेतू शकते. मात्र गुठळीमुळे झालेली इजा पहिल्या काही तासांत साध्या सीटीवर पुष्कळदा दिसतच नाही, त्यामुळे 'सीटी नॉर्मल आहे, म्हणजे पक्षाघात नाही' असा अर्थ कृपया काढू नये. ती इजा एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रांत, म्हणजे ऊतींमधल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या चित्रांत, लवकर उमटते. मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे (मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करणाऱ्या आजाराचे) चट्टे पाहायलाही एमआरआयच हवा.

मणक्याचे गणित थोडे वेगळे आहे. अपघातात हाड मोडल्याची शंका असेल तर सीटी सरस ठरतो. मज्जारज्जू, दोन मणक्यांमधली चकती आणि दबलेली नस पाहायची असेल तर एमआरआय. साध्या एक्स-रेला मात्र कमी लेखू नये, कारण एमआरआय सहसा झोपवून काढतात आणि उभे राहिल्यावर किंवा वाकल्यावरच सरकणारा मणका त्यात निसटू शकतो.

पाठदुखीत माझे मत ठाम आहे: धोक्याची लक्षणे नसतील तर पहिले सुमारे ६ आठवडे कोणतेही चित्र काढण्याची घाई करू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठदुखी नसलेल्या विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या चित्रांत चकती फुगलेली आढळली होती. अहवालातला 'डिस्क बल्ज' वाचून धास्तावलेला माणूस वाकायलाच घाबरू लागतो, आणि दुखणे आणखी रेंगाळते. याउलट लघवी अडणे, बैठकीच्या भागाला बधिरता येणे किंवा दोन्ही पायांतले बळ जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे एमआरआय लांबणीवर टाकता येत नाही.

सीटीत क्ष-किरणांचा मारा होतो, त्यामुळे मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत अधिक विचार करावा लागतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण चुंबक अतिशय शक्तिशाली असतो. म्हणून पेसमेकर, कानात शस्त्रक्रियेने बसवलेले ऐकण्याचे उपकरण, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे सारे आधीच सांगावे. काही पेसमेकर असले तरी विशेष खबरदारी घेऊन एमआरआय करता येतो. मणक्याचा एमआरआय करताच येत नसेल, तर पाठीच्या कण्यातील द्रवात चित्रात उठून दिसणारे औषध सोडून सीटी काढण्याचा पर्याय उरतो. एमआरआयच्या बोगद्यात ठोकल्यासारखा मोठा आवाज होत असतो आणि बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही तारीख ठरवतानाच सांगावे, म्हणजे सौम्य गुंगीच्या औषधाची सोय करता येते.