आठ महिने वेस्टर्न, पंखा बंद करून

जूनमध्ये ४३ इंची टीव्ही आणि साउंडबार घेतला आणि दर शनिवारी रात्री वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडचे काउबॉय-बंदुकांचे सिनेमे, बघायचा नेम धरला. जुने नव्हेत, ते बाबांचे थिएटरात कधीच बघून झालेत. गेल्या वीसेक वर्षांतले, नव्या वळणाचे.

पहिली फजिती ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ला (२००७) झाली. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पेट्रोल पंपावरच्या प्रसंगात खुनी चुरगळलेलं काजूचं पाकीट काउंटरवर ठेवतो आणि ते चुरचुरत हळूहळू उलगडतं. आमच्याकडे तेव्हा पंखा पाचवर आणि शेजारी मिक्सर चालू. पाकीट हललं एवढंच दिसलं. पुढच्या शनिवारी पंखा बंद, खिडक्या बंद, घामाघूम होऊन तोच प्रसंग पुन्हा लावला. तेव्हा कुठे काटा आला अंगावर.

साउंडबारने आवाज वाढला, संवाद काही कळेनात. ‘हेल ऑर हाय वॉटर’मधला (२०१६) जेफ ब्रिजेसचा रेंजर (टेक्सासचा पोलीस) तोंडात तंबाखूचा बार धरल्यासारखा बोलतो. सबटायटल्सला पर्याय नाही. तरी बाबांना आवडला तो हाच. आईची जमीन बँकेच्या घशात जाऊ नये म्हणून दोघे भाऊ त्याच बँकेच्या शाखा लुटतात आणि त्याच पैशाने तिचं कर्ज फेडतात. बाबांची अख्खी नोकरी वसुलीत गेली. ते एवढंच म्हणाले, “पावती घेतली ना त्याने?”

‘द हेटफुल एट’ची (२०१५) चौकट २.७६:१, म्हणजे भलतीच आडवी. आमच्या टीव्हीची उंची २१ इंच, त्यात चित्र उरतं साडेतेरा. झूम केलं तर कडेची माणसं गायब. शेवटी काळ्या पट्ट्यांशी जमवून घेतलं.

‘द पॉवर ऑफ द डॉग’ (२०२१) दुपारी लावू नका. त्यातल्या डोंगराच्या सावल्यांत भुंकणारा कुत्रा दिसतो, ज्याला दिसतो त्याला. आम्हाला टीव्हीच्या काचेत गॅलरीतलं धुणं दिसत होतं. शिवाय यातलं मोंटाना प्रत्यक्षात न्यूझीलंडमध्ये चित्रित केलंय असं मी बोलून गेलो, आणि “मग वेस्टर्न कसलं?” म्हणत आई भाजी निवडायला उठली.

आणि हो, सेटिंगमधलं मोशन स्मूथिंग (मधली चित्रं टीव्हीनेच बनवून हालचाल गुळगुळीत करायची सोय) आधी बंद करा. नाहीतर घोडेसुद्धा सासू-सुनेच्या मालिकेतले वाटतात.

टीव्हीबद्दल तक्रार नाही, साउंडबार परत घेणार नाही. एप्रिलमध्ये पंख्याचं काय करायचं, यावर घरात अजून वाद चालू आहे.