ई-आर लावायचा की मोअर?

माझ्याकडे इंग्रजीसाठी येणारे बरेचसे जण इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या मराठी घरांतले. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि ऑफिसच्या मेलमध्ये इंग्रजी. तुलना करायची वेळ आली की जवळजवळ प्रत्येकाच्या हातून एकदा तरी 'मोअर बेटर' लिहून होतं. याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही. 'देवास उज्जैनपेक्षा जवळ आहे' म्हणताना तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' उचलतो आणि 'जवळ' जागचं हलत नाही. हिंदीतही 'से' तेच काम करतो. इंग्रजीत 'दॅन' असूनही विशेषणाला स्वतः बदलावं लागतं: शेवटी ई-आर (er) जोडून किंवा आधी 'मोअर' लावून. ही सवय आपल्या भाषेत नाही, म्हणून मन धास्तावतं आणि दोन्ही उपाय एकदम करून टाकतं.

दोन्हींपैकी एक निवडायचा तर शब्द कानाने ऐका. उच्चारात किती ठोके (सिलेबल) पडतात ते मोजा. देवनागरीत किती अक्षरं दिसतात ते नको. 'स्ट्राँग' जोडाक्षरांमुळे भारी दिसतो, पण ठोका एकच. एका ठोक्याच्या शब्दाला ई-आर: राजवाडा इज ओल्डर दॅन लालबाग. (हे इंदूरचे दोन जुने राजमहाल. राजवाडा अठराव्या शतकातला, लालबागचं काम 1886 ला सुरू झालं, त्यामुळे वाक्य इतिहासालाही धरून आहे.) 'बिग', 'हॉट' यांत शेवटचं व्यंजन दोनदा लिहायचं, 'चीप'मध्ये एकदाच, कारण तिथे स्वर लांब आहे. तीन किंवा जास्त ठोके असले की 'मोअर': मोअर ब्युटिफुल, मोअर एक्स्पेन्सिव्ह. इथवर कोणी अडत नाही.

खरी अडचण दोन ठोक्यांच्या शब्दांत आहे, आणि शिकवण्याचा माझा निम्मा वेळ तिथेच जातो. शेवटी वाय असेल तर वाय जाऊन आय येतो आणि ई-आर लागतो: हॅपीअर, बिझीअर, ईझीअर. 'मोअर हॅपी' अगदीच चूक नाही, पण कानाला अवघडल्यासारखं लागतं. 'केअरफुल', 'यूसलेस', 'बोरिंग', 'क्राउडेड', 'फेमस' यांना मात्र फक्त 'मोअर'. इंदूरचा सराफा बाजार रात्री दिवसापेक्षा मोअर क्राउडेड असतो. 'क्राउडेडर' असा शब्दच नाही. उरले 'नॅरो', 'सिंपल', 'क्लेव्हर', 'क्वायट'. यांना दोन्ही चालतं: राजवाड्यामागच्या बोळांना 'नॅरोअर' म्हणा की 'मोअर नॅरो', कोणी खोडणार नाही. मी बोलताना ई-आर घेते, कारण तो वाक्यात पटकन बसतो. पण दोन ठोक्यांच्या एखाद्या शब्दाबद्दल शंका असेल तर 'मोअर' घ्या. 'मोअर सिंपल' निभावून जातं, 'फेमसर' निभावत नाही. एका ठोक्याच्या शब्दांत हा आधार शोधू नका, 'मोअर टॉल' लगेच खटकतं.

मोजणीला न जुमानणारे काही शब्द आहेत. 'अनहॅपी' तीन ठोक्यांचा, तरी 'अनहॅपीअर' होतो, कारण आत 'हॅपी' बसलेला आहे. 'बोअर्ड', 'राँग', 'रीअल', 'फन' एकाच ठोक्याचे, तरी त्यांना 'मोअर'. आणि एकाच माणसाच्या दोन भावना एकमेकींशी ताडून पाहताना ठोके मोजूच नका: शी वॉज मोअर सॅड दॅन अँग्री. म्हणजे रागापेक्षा दुःख अधिक. तिथे 'सॅडर' लिहिलं तर वाक्य बिघडतं.

'गुड–बेटर', 'बॅड–वर्स' पाठच करावे लागतात. 'बेटर'मध्ये तुलना आधीच आहे, म्हणून त्याच्याआधी 'मोअर' नको आणि 'व्हेरी'ही नको. जोर द्यायचा असेल तर 'मच बेटर'. गंमत अशी की शेक्सपिअरच्या काळातले इंग्रज अशी दुहेरी तुलना सर्रास लिहीत; पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती अशुद्ध ठरवली. आपलंही वेगळं नाही. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' यांतल्या 'इष्ठ'मध्ये 'सर्वांत' हा अर्थ आधीच आहे, तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' आणि 'श्रेष्ठतम' म्हणतोच. तो 'इष्ठ' आणि 'टॉलेस्ट'मधला 'एस्ट' एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. हे फळ्यावर मांडलं की मुलांच्या मनातली इंग्रजीची भीती बरीच उतरते, असं मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

ऑफिसात लिहिणाऱ्यांनी आणखी एक जपावं. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' हे शब्द लॅटिनमधून तुलना घेऊनच आले आहेत. त्यांना ई-आर लागत नाही, आणि ते नुसते वापरले तर त्यांच्यानंतर 'दॅन' नाही, 'टू' येतो. 'ही इज सीनियर टू मी' असं लिहायचं.