म्हाताऱ्या उंदरांच्या मायटोकाँड्रियल डीएनएची तपासणी: पुण्यातल्या एका लॅबची सेवा

पाषाण-गणेशखिंड पट्ट्यात वार्धक्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मायटोकाँड्रियल डीएनएची (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या छोट्या, वर्तुळाकार डीएनएची) तपासणी बाहेरून करून घ्यायची असेल, तर शहरातली एक खासगी लॅब दोन टेस्ट देते: डॅमेज आणि म्युटेशन. पहिली खुशाल घ्यावी. दुसरी मात्र चार प्रश्न विचारल्याशिवाय घेऊ नये.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि रिपोर्ट त्या एकाच तक्त्यात छापतो, ही मोठी चूक आहे. डॅमेज म्हणजे ऑक्सिडेशनने बिघडलेला बेस (डीएनएचं एक अक्षर) किंवा तुटलेला धागा. पेशी तो दुरुस्त करते, नाहीतर तो अख्खा रेणूच मोडीत काढते. म्युटेशन म्हणजे दोन्ही धाग्यांवर पक्का झालेला, पुढच्या प्रतींत उतरणारा बदल. एक वाढला म्हणजे दुसराही वाढलाच, असं धरता येत नाही.

डॅमेज टेस्टचं काम नेटकं आहे. उंदराच्या सुमारे १६.३ किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे हजार बेस) वर्तुळातला १० किलोबेसचा तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या पुन्हा पुन्हा प्रती काढून, वाढवतात. वाटेत बिघाड असेल तर पॉलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) तिथेच अडतं आणि उत्पादन घटतं. ११७ बेसचा छोटा तुकडा सोबत चालवून कॉपी नंबरचा (पेशीतल्या अशा डीएनए रेणूंच्या संख्येचा) फरक वजा करतात. तरुण उंदराच्या तुलनेत उत्पादन ०.७४ आलं, तर उणे नैसर्गिक लॉग घेऊन १० किलोबेसमागे ०.३ बिघाड निघतात. रिपोर्टमध्ये अर्ध्या टेम्प्लेटचा (निम्माच डीएनए घालून चालवलेला) कंट्रोलही असतो. त्याचं उत्पादन ४० ते ६० टक्क्यांत नसेल तर सायकल जास्त झाल्या असं समजावं आणि रन पुन्हा मागावा. डीएनए इथे फ्लुओरोसंट डायने मोजतात, ही जमेची बाजू.

म्युटेशन टेस्टमध्ये साधं सिक्वेन्सिंग करून ०.३ टक्क्यांचे बदलसुद्धा खरे म्हणून देतात. मशीनची स्वतःची चूकच साधारण ०.१ टक्क्यापासून सुरू होते, मग हा आकडा कशाच्या आधारावर? यादीत जी (ग्वानिन) बेसचे टी (थायमिन) झालेले बदल जास्त दिसले तर आधी एक्स्ट्रॅक्शनवर (डीएनए काढण्याच्या पद्धतीवर) संशय घ्यावा. फिनॉल वापरलं किंवा डीएनए तोडताना ऑक्सिडेशन झालं की ग्वानिन बिघडतं आणि मशीन त्यालाच म्युटेशन म्हणून वाचतं. दोन्ही धागे वेगवेगळे वाचून जुळवणाऱ्या डुप्लेक्स सिक्वेन्सिंगने म्हाताऱ्या मेंदूतली म्युटेशन तपासली तेव्हा बहुतांश ट्रान्झिशन (ए-जी किंवा सी-टी अशी अदलाबदल) निघाली, म्हणजे प्रती काढतानाच्या चुका. लॅब डुप्लेक्स करते, पण मागितलं तरच. ऑर्डरच्या फॉर्मवर स्पष्ट लिहून द्यावं.

आणखी एक फट आहे. उंदराच्या क्रोमोसोम १ वर मायटोकाँड्रियल डीएनएची सुमारे ४.६ किलोबेसची जवळपास हुबेहूब नक्कल बसलेली आहे. तिचे रीड (मशीनने वाचलेले तुकडे) मिसळले तर खोटे बदल दिसतात, म्हणून न्यूक्लियर जीनोमशीही (केंद्रकातल्या डीएनएशीही) जुळवणी केली का, ते विचारून घ्यावं.

स्नायूतली डिलीशन (डीएनएचा एखादा भाग गळून गेलेले बदल) शोधायची असतील तर अख्खा तुकडा कुटून पाठवण्यात अर्थ नाही. एका तंतूत डिलीशनवाले रेणू ९० टक्क्यांवर पोचलेले असतात आणि शेजारचा तंतू स्वच्छ असतो. सगळं एकत्र कुटलं की सरासरीत ते बुडून जातं. आडवे काप घेऊन कॉक्स-एसडीएच (मायटोकाँड्रियातली दोन एन्झाइम दाखवणाऱ्या) पद्धतीने रंगवावं आणि निळे पडलेले तंतू लेझरने कापून द्यावेत. लॅब हे काम करत नाही, ते आपल्याच प्रयोगशाळेत उरकावं लागतं.

सॅम्पल पाठवताना यकृताचा सुमारे २५ मिलिग्रॅमचा तुकडा लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ड्राय आइसवर द्यावा. डीएनए देत असाल तर कॉलमने (गाळणीच्या किटने) काढलेला द्या आणि व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) अजिबात करू नका. लांब तुकडा तुटला की पीसीआरला तोही बिघाडच वाटतो. रक्त हेपारिनऐवजी ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घ्यावं (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं). रविवारी लॅब बंद असते आणि शनिवारी दुपारनंतर आलेला थर्माकोलचा खोका रिसेप्शनवरच राहतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सोमवारपर्यंत त्यात ड्राय आइसचा खडाही शिल्लक नसतो. सॅम्पल सोमवार ते बुधवार, सकाळीच पोचवा आणि फ्रीजरमध्ये ठेवल्याची वेळ पावतीवर लिहून घ्या.