जेंटूवर तयार पॅकेजं: हट्ट सोडल्यानंतर

जेंटू ही लिनक्सची एक आवृत्ती. ती वापरायची तर सगळं सोर्सपासूनच कंपाइल करायचं, म्हणजे मूळ कोडवरून प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याच मशीनवर बांधायचा, हा हट्ट मी चार वर्षं धरला. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रात्री क्रोमियम ब्राउझर बांधायला लावायचं आणि सकाळी बघावं तर मेमरी संपून कंपायलर मध्येच आडवा झालेला. चूक माझीच. मेकऑप्ट्स या सेटिंगमध्ये आठ जॉब्ज, म्हणजे एकाच वेळी चालणारी आठ कंपाइलची कामं, दिली होती. एका जॉबला साधारण दोन जीबी रॅम धरा, असं जेंटूचं हँडबुक सांगतं. मी ते वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने एएमडी६४ आणि एआरएम६४ या प्रोसेसर-प्रकारांसाठी तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या) पॅकेजांचा मोठा साठा खुला केला. मी फीचर्स या सेटिंगमध्ये 'गेटबिनपीकेजी' (तयार पॅकेज उतरवून घे) टाकलं आणि लिबरऑफिस, केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप पंखा न घोंघावता उतरलं. मेख एकच: तुमचे यूझ फ्लॅग (प्रोग्रॅममध्ये कोणत्या सोयी हव्या-नकोत ते ठरवणारे पर्याय) पॅकेजाशी जुळले नाहीत, तर पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर, पुन्हा सोर्सकडेच वळतं. हौसेने बदललेले माझे निम्मे फ्लॅग मला का हवे होते, हे तेव्हा आठवेना. काढून टाकले.

वेगाचं म्हणाल तर, 'मार्च=नेटिव्ह' (आपल्याच प्रोसेसरला साजेसा कोड बनव, असा कंपायलरचा पर्याय) लावून स्वतः बांधलेला ब्राउझर आणि उतरवलेला ब्राउझर यांत रोजच्या कामात मला तरी फरक कळला नाही.

कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं सॉफ्टवेअर) मात्र अजून हातानेच बांधतो. तिथे नको ते ड्रायव्हर आणि कोडेक (व्हिडिओ-ऑडिओ फॉरमॅट उलगडणारे भाग) वगळता येतात, आणि खरं सांगायचं तर पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघायला आवडतात. तयार पॅकेजांना पाचपैकी साडेचार तारे.