डेटा अ‍ॅनालिटिक्सचे स्पेशलायझेशन: विषय चांगले, क्रम चुकलेला

नागपुरातील एका महाविद्यालयात एमबीएच्या दुसऱ्या वर्षी मी डेटा अ‍ॅनालिटिक्सचे स्पेशलायझेशन घेतले आणि यंदा ते पूर्ण केले. त्यासाठी संख्याशास्त्र, रिग्रेशन (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याची पद्धत), पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, मशीन लर्निंग, डेटाबेस आणि व्हिज्युअलायझेशन (माहिती आलेखांतून मांडणे) असे सहा विषय आणि शेवटी एक प्रकल्प सक्तीचा होता. मिहान आणि बुटीबोरी या नागपूरजवळच्या औद्योगिक भागांत नोकरी करणारे ओळखीचे लोक हा अभ्यासक्रम घ्यावा का, असे विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र कोणता विषय केव्हा शिकवला जातो, हे पाहूनच प्रवेश घ्यावा.

संख्याशास्त्राचा विषय सर्वांत उत्तम शिकवला गेला. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी 1973 मध्ये मांडलेले आकड्यांचे चार संच दिले आणि संगणक बंद ठेवून सरासरी काढायला लावली. प्रत्येक संचात 11 जोड्या होत्या. चारही संचांत एका चलाची सरासरी 9, दुसऱ्याची सुमारे 7.5 आणि सहसंबंध (दोन चले किती एकत्र बदलतात याचे माप) सुमारे 0.82 आला. मग तेच आकडे आलेख कागदावर मांडले, तेव्हा एका ठिकाणी साधारण सरळ रेषा, दुसरीकडे स्वच्छ वक्र, तिसऱ्यात रेषेपासून दूर पडलेला एकच बिंदू, तर चौथ्यात एका बिंदूखेरीज सारे बिंदू एकाच उभ्या ओळीत दिसले. आकडेवारीचा तक्ता हाती आला की आधी आलेख काढायचा, ही सवय मला त्या दिवशी लागली.

डेटाबेसची मात्र उपेक्षा झाली. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीवर, आजही बहुतेक कार्यालयांची माहिती साठवली जाते, आणि दोन तक्ते चुकीच्या पद्धतीने जोडले तर एकच ग्राहक दोनदा मोजला जातो. असे असूनही हा विषय चौथ्या सत्रात, म्हणजे मशीन लर्निंग शिकवून झाल्यावर ठेवलेला होता. त्यामुळे तिसऱ्या सत्रात आम्ही शिक्षकांनी तयार करून दिलेल्या स्वच्छ फाइलींवर मॉडेल चालवत राहिलो. माहितीपत्रकात गणिताची कोणतीही अट नव्हती, प्रत्यक्षात रिग्रेशनसाठी मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांचे गणित) येणे गृहीत धरले होते. वाणिज्य शाखेतून आलेल्या माझ्या दोन वर्गमैत्रिणींना याचा फार त्रास झाला आणि तो टाळता येण्याजोगा होता.

डेटाबेस उशिरा शिकवल्याची उणीव प्रकल्पात पुरेपूर जाणवली. आमच्या गटाने कळमना बाजारातील संत्र्यांच्या आवकेच्या नोंदी घेतल्या होत्या. त्यांत ‘वरुड’ आणि ‘वरूड’ अशी दोन लेखने असल्याने संगणकाने एकाच गावाची दोन गावे केली. काही ठिकाणी दर क्विंटलचा, तर काही ठिकाणी टनाचा होता. हे निस्तरण्यात तीन आठवडे गेले. त्यानंतर वर्षाची सरासरी काढली, तर तिला काहीच अर्थ उरला नाही, कारण संत्र्याला वर्षातून दोन बहार (फुलोऱ्याचे हंगाम) येतात: आंबिया बहाराचा माल पावसाळ्यानंतर येतो आणि मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. दोन्ही हंगाम वेगळे केल्यावरच दरांचा कल नीट दिसू लागला. बागाईतदाराच्या घरात वाढलेल्या एका सहाध्यायीने हे आधीच सांगितले होते. आम्ही त्याचे ऐकायला हवे होते. एवढी शिकवण मला सहापैकी कोणत्याही लेखी परीक्षेने दिली नाही, म्हणून प्रकल्पाला आणखी गुण असावेत, असे माझे ठाम मत आहे.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा जेमतेम एका तासात आटोपला, आणि हेही सुधारायला हवे.

प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन सत्रनिहाय विषयांची यादी मागावी, आणि डेटाबेस तिसऱ्या सत्रात नसेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा स्वतः शिकून घ्यावी. बारावीनंतर गणित सुटलेले असेल, त्यांनी मॅट्रिक्सची उजळणीही त्याच सुट्टीत करावी. रोज एक तास दिला तर दोन महिने पुरतात.