पाणलोट-कुरण डिप्लोमा, नागपूर: फील्ड एक नंबर, गवताचा पेपर मात्र सावत्र

नाव लिहीत नाही, कारण माझं सर्टिफिकेट अजून त्यांच्याच कपाटात आहे. नागपुरातली एक संस्था, एक वर्षाचा डिप्लोमा, पाणलोट आणि कुरण व्यवस्थापन, शनिवार-रविवार क्लास. मी घेतला कारण 23 सप्टेंबर 2023ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि हे पाणी येते कुठून हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जातच नव्हता.

माहितीपत्रक वाचून वाटलं अर्धं पाणी, अर्धं गवत. निघालं पाणी बारा आणे, गवत चार आणे.

आधी चांगलं सांगते. फील्ड खरंच भारी आहे. ए-फ्रेमनं, म्हणजे ए अक्षरासारख्या चौकटीनं, उतारावर एकाच उंचीची समतल रेषा आखणं, त्या रेषेवरचे सलग समतल चर, दगडी बांध, गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेले बांध, हे सगळं माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत चालत दाखवतात, फोटो दाखवून मोकळे होत नाहीत. आणि माती किती वेगानं पाणी पिते ते मोजायचं डबल रिंगवालं प्रॅक्टिकल तर मी विसरूच शकत नाही. आतली रिंग 30 सेंटीमीटरची, बाहेरची 60ची, दोन्हीत पाणी भरायचं पण मोजायचं फक्त आतलं. मी म्हटलं मग बाहेरची काऊन? सर म्हणाले आतलं पाणी आडवं पसरू नये म्हणून, बाहेरचं त्याला रोखून धरते, मग आतलं सरळ खाली जाते. मे महिन्यात हिंगण्याकडे भेगा पडलेल्या काळ्या मातीवर लावलं तर पहिल्या दोन बादल्या कुठं गेल्या कळलंच नाही, गटागटा पिऊन टाकल्या, आणि मग माती फुगली, भेगा बुजल्या अन् पट्टीवरचं पाणी जागचं हलेना. चिकण काळ्या मातीत पावसाळा लागला की पाणी वाहून का जाते हे त्या उन्हात बसून कळलं. फक्त अठ्ठावीस पोरापोरींत रिंगचा सेट एक, तोही गंजका, त्यामुळे तुमचा नंबर येईपर्यंत टोपीच्या आत मेंदू शिजतो.

दुसरी वसूल झालेली गोष्ट म्हणजे कर्व्ह नंबरचं लेक्चर. जमीन पाणी जितकं जास्त वाहून जाऊ देते तितका तो आकडा मोठा. सरांनी फळ्यावर एकाच चिकण मातीची दोन कुरणं घेतली, एक चरून चरून उघडं पडलेलं, त्याचा आकडा 89, दुसरं गवतानं भरलेलं, त्याचा 80. दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर पहिल्यावरून साधारण 70 मिलिमीटर वाहून जाते, दुसऱ्यावरून 50. फरक 20 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही ना? एका हेक्टरला दोन लाख लिटर होते ते, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर, आणि त्यासाठी एक चर खोदावा लागला नाही की सिमेंटची एक गोणी लागली नाही, फक्त गवत होतं.

आणि हे शिकवून झाल्यावर गवताचा पेपर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकला! देशात गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार मानतात, आपला विदर्भ त्यातल्या शेडा आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतो, या सगळ्याला एक स्लाईड. शेडा कोणता, मारवेल कोणतं, हातात घेऊन कुणी दाखवलं नाही. हिवरे बाजारची चराईबंदी, कुऱ्हाडबंदी तोंडपाठ करून घेतली, ठीक आहे, पण गवत परत आल्यावर त्याच्यावर किती ढोरं किती दिवस सोडायची याचं गणित कुठंय? कुरणाचा खरा अभ्यास तर तिथूनच सुरू होतो ना. अमेरिकेत वायोमिंग विद्यापीठात कुरण आणि पाणलोट मिळून एकच डिग्री आहे, इथं नावात दोन्ही घेतलं आणि शिकवलं एकच.

गवत मला शिकवलं ते कारंजा घाडगेकडच्या फील्डवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या ढोरक्यानं, म्हणजे गुराख्यानं, त्याच्या पांढऱ्या गवळाऊ गाई चरत होत्या. कुसळी गवताचं एक ताट उपटून त्यानं टोकाची ती पिळदार कुसं माझ्या तळहातावर ठेवली, म्हणे, "फुलावर यायच्या आधी खाते ढोर, मंग टोचते त्याच्या तोंडात, सोडते ते." मी म्हटलं बाबाजी, मग इकडं एवढी कुसळी का? तर म्हणे, "चांगलं खाऊन टाकलं ना सगळं, हेच राह्यलं." जास्त चराई झाली की शेडा-मारवेल मागं पडतात आणि कुसळी माजते, हे पुस्तकात अर्ध्या पानात आहे, त्यानं दोन वाक्यात संपवलं. सर तेव्हा बसपाशी हजेरी घेत होते.

बाकी क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर बरं शिकवतात, पण लॅपटॉप स्वतःचा लागतो. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच अमरावती रोडवर असून तिथं वर्षात फक्त अर्धा दिवस नेलं. कॅन्टीन नाही, पण गेटसमोरचा तर्री पोहा चांगला आहे, आठच्या आत जा, नंतर तर्रीत नुसतं पाणी राहते.

पाणलोटाच्या कामात नोकरी करायची असेल तर डोळे झाकून घ्या. गवतासाठी जात असाल तर पैसे वाचवा अन् ऑगस्ट-सप्टेंबरात एखाद्या ढोरक्यामागं चार दिवस फिरा.

सर्टिफिकेटसाठी तीन चकरा झाल्या. ऑफिसातल्या मॅडम म्हणतात सोमवारी या.