मेडिकलमधला तयार प्रथमोपचार डबा: घरात तान्हं बाळ आणि कुत्रं-मांजर असेल तर

मेडिकलच्या काउंटरवर मिळणारे तयार डबे मोठ्या माणसाचं कापलं-खरचटलं डोळ्यांसमोर ठेवून भरलेले असतात: कापूस, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, अँटिसेप्टिक, बोथट कात्री. बाळ आणि प्राणी असलेल्या घरात यातलं निम्मं सामान बदलावं लागतं.

पहिला जातो कापूस. उघड्या जखमेत त्याचे तंतू रक्ताबरोबर सुकतात आणि ड्रेसिंग काढताना खपली उचकटून येते. त्याजागी 10 सेंमीचे निर्जंतुक गॉज ठेवा. चिकटपट्टी तान्ह्या बाळाच्या बोटाला लावू नका. ते बोट तोंडात जातंच, मग सुटलेली पट्टी घशात. कुत्र्याच्या केसांवर तर ती धरतच नाही; तिथे स्वतःलाच चिकटणारं कोहेसिव्ह बँडेज हवं. ते गुंडाळताना पंज्याची मधली दोन बोटं उघडी ठेवा. त्यांची नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली, तर पंजा सुजतोय, पट्टी लगेच सोडा.

पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं अँटिसेप्टिक मांजराच्या जवळही नेऊ नका. मांजर अंग चाटतं आणि फिनॉलच्या जातीची द्रव्यं त्याच्या यकृताला पेलत नाहीत. पोव्हिडोन आयोडीन फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून वापरा.

आता पॅरासिटामॉल, खरा धोका इथे आहे. बाळाच्या ड्रॉप्समध्ये बहुधा 1 मिलीत 100 मिग्रॅ असतं, सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 250. किलोमागे 15 मिग्रॅ धरलं, तर 10 किलोच्या बाळाला एका वेळी 150 मिग्रॅ: ड्रॉप्सचे दीड मिली, 250च्या सिरपचे 3 मिली. सिरप समजून ड्रॉप्सच 5 मिली पाजले की 500 मिग्रॅ पोटात जातात. म्हणून दोन्हींतली एकच बाटली घरात ठेवा आणि मात्रा चमच्याने नाही, बिनसुईच्या सिरिंजने मोजा. मांजराला अर्ध्या गोळीनेही जीव गमवावा लागतो.

डब्यात थर्मामीटर असलाच, तर एकच असतो. दुसरा कुत्र्यासाठी वेगळा घ्या; गुदद्वारातून मोजलेलं 101 ते 102.5 फॅरेनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान, ताप नव्हे. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून गॉजचा रोल हवा: नाकाडावर फास, हनुवटीखाली गाठ, टोकं कानांमागे. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल, तर मात्र तोंड बांधू नका.

सोबतचं माहितीपत्रक हा सगळ्यांत कच्चा भाग. घशात अडकल्यावर काय करायचं, याचं चित्र बहुधा मोठ्या माणसाचं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नसतं, यकृताला इजा होते. हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, खांद्यांच्या मध्ये 5 थापा. मग उताणं करून छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर 5 दाब. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नका, ती आणखी आत सरकते. हे हाताला बसायला बाहुलीवर सराव लागतो.

आमचं मत: तयार डबा घेऊ नका. घट्ट खटक्याचा रिकामा डबा घेऊन वरचं सामान स्वतः भरा. झाकणाच्या आत 108 आणि पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 लिहा, शेजारी बाळाचं आणि प्राण्याचं वजन. बाळाचं वजन पेन्सिलने लिहा, ते दर महिन्याला बदलावं लागेल.